खाली बघणाऱ्यांचं विमान

'हवाई पाहणी' म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर एक ठरलेलं चित्र येतं. खाली सगळीकडे गढूळ पाणी, त्यातून डोकं वर काढलेली कौलं आणि हेलिकॉप्टरच्या खिडकीला नाक लावून बसलेले मंत्री. २०१९ च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापूर बुडालं तेव्हाही आपण हेच चित्र पाहिलं. त्या पाहणीत मोजायचं काही नसतं. बघितलं, हे दिसलं म्हणजे झालं.

ह्या लेखातली हवाई पाहणी फक्त नावाने तिची बहीण लागते. ती करणारे लोक सहसा चारसहा खुर्च्यांच्या विमानात किंवा लहान हेलिकॉप्टरमध्ये असतात आणि दिवसचे दिवस खाली बघून काहीतरी मोजतात. आफ्रिकेत हत्ती, फ्लोरिडाच्या किनाऱ्याला देवमासे, आयडाहोच्या नद्यांत सामन माशांनी विणीसाठी उकरलेले खळगे, ऑस्ट्रेलियात खडकांचं चुंबकत्व, अलास्कात गोठलेली जमीन. आणि मोजणाऱ्या ह्या माणसांतली काही परत येत नाहीत. जंगलात काम करणाऱ्याला धोका कशाचा, असं कुणी विचारलं तर आपण अस्वल, साप, नदीची ओढ असं काहीबाही सांगू. ब्लेक सॅसी ह्या अमेरिकी वन्यजीव-अभ्यासकाने १९३७ ते २००० ह्या काळात अमेरिकेत कामावर असताना मरण पावलेल्या वन्यजीव-कर्मचाऱ्यांची यादी केली, तेव्हा ९१ नावं निघाली. त्यांतली जवळजवळ दोन-तृतीयांश माणसं विमान किंवा हेलिकॉप्टर पडून गेली होती.

इतकी का? विमानं जुनी, वैमानिक धाडसी, रान दुर्गम, ही नेहमीची उत्तरं खोटी नाहीत. पण अपघातांचे अहवाल एकापाठोपाठ एक वाचत गेलं की वाटायला लागतं, मूळ कारण विमान उडायच्या कितीतरी आधी कुणीतरी टेबलाशी बसून लिहिलेल्या एका आकड्यात आहे. तो आकडा म्हणजे उंची.

हत्ती मोजणाऱ्या विमानाच्या आत बघू. विमान बहुधा वर पंख असलेलं सेसना, कारण खाली पंख असले तर निरीक्षकाला जमीनच दिसायची नाही. पुढे वैमानिक, त्याच्या शेजारी नोंदी घेणारा, मागे दोन्ही खिडक्यांशी एकेक निरीक्षक. पंखाला आधार देणाऱ्या तिरप्या खांबावर दोन दांड्या बांधलेल्या असतात, मागच्या बाजूला रोखलेल्या. खिडकीच्या काचेवर चिकटपट्टीच्या दोन खुणा. निरीक्षकाने डोकं अशा बेताने धरायचं की काचेवरची खूण आणि बाहेरची दांडी एका रेषेत यावी. मग दोन दांड्यांच्या मध्ये जमिनीचा जो पट्टा सरकत जातो, तेवढ्यातलाच प्राणी मोजायचा. दांडीच्या बाहेरचा हत्ती कितीही देखणा असला तरी तो हिशेबात नाही. विमान ताशी १६०-१८० किलोमीटर वेगाने जात असतं. म्हणजे समोरचा कळप दिसला, मोजला, बोलून नोंदवला, हे सगळं चारसहा सेकंदांत. पुढचे तीन तास हेच. मान एका बाजूला वळलेली, दुपारच्या तापल्या हवेत विमान हिसके खातं आणि पोटात ढवळत असतं. १९७० च्या दशकात माइक नॉर्टन-ग्रिफिथ्स ह्यांनी पूर्व आफ्रिकेत ही पद्धत बांधून दिली, तिची हस्तपुस्तिका लिहिली आणि आजही बहुतेक मोजण्या थोड्याफार फरकाने तशाच होतात. २०१४ ते २०१६ दरम्यान अठरा देशांत झालेल्या हत्तींच्या मोठ्या गणनेत ३,५२,२७१ हत्ती निघाले, ते अशाच विमानांतून.

आता ह्या दांड्यांचं गणित बघा. शाळेतले समरूप त्रिकोण. विमान जितकं वर, तितका दांड्यांमधून दिसणारा पट्टा रुंद. उंची दहा टक्क्यांनी वाढली की पट्टाही दहा टक्क्यांनी वाढला आणि हत्तींचा अंदाज तितकाच चुकला. म्हणून ठरलेली उंची काटेकोर पाळायची, आणि ती बहुतेक वेळा असते तीनशे फूट. मीटरमध्ये सांगायचं तर साधारण ९१, कुतुबमिनारापेक्षा जेमतेम अठरा मीटर वर. खनिज शोधणारी विमानं तर आणखी खाली उडतात. लहानशा चुंबकीय खडकाचा प्रभाव अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होतो, अंतर दुप्पट झालं की संकेत एक-अष्टमांश. जमिनीतून निघणारे गॅमा किरण तर मधली हवाच गिळते. तेव्हा उपकरणाला जे ऐकायचं आहे ते ऐकू यावं म्हणून विमानाला खाली यावं लागतं, डोंगर आला तर त्याच्या पाठीवरून आणि दरी आली तर तिच्या पोटातून.

तीनशे फुटांवर काय बिघडू शकतं? विमान वळताना कलतं. कललेल्या पंखाला वजनही पेलायचं असतं आणि वळवायचंही असतं, म्हणून त्याला जास्त वेग लागतो. सरळ उडताना जे विमान ताशी १०० किलोमीटरच्या खाली गेलं की हवेवर तरत नाही, त्याला ४५ अंश कलवल्यावर ११९ चा वेग लागतो आणि ६० अंशांवर १४१ चा. आता खाली एक मूस, म्हणजे अलास्कातलं ते उंटाएवढं हरीण, झुडपाआड गेलं. निरीक्षक म्हणतो, परत एकदा. वैमानिक वळतो, तोही मान वळवून खाली बघतो, नकळत वळण आवळत जातं आणि वेग घसरत जातो. आतला पंख अचानक उचलणं सोडतो आणि विमान त्या बाजूला कोसळतं. वैमानिकी भाषेत ह्याला स्टॉल म्हणतात. अलास्कातल्या वैमानिकांनी ह्या विशिष्ट मरणाला मूसचंच नाव देऊन टाकलं आहे. ही स्थिती सुधारता येते, दर शिकाऊ वैमानिकाला ते शिकवतात, पण त्यासाठी खाली काही शे फूट मोकळी हवा लागते. तीनशे फुटांवरून सुटलेला दगड साडेचार सेकंदांच्या आत जमिनीवर असतो.

आफ्रिकेत ह्या कामाची सुरुवात मोजणीतून झाली नाही, शिकारीतून झाली. १९३० च्या सुमारास केनियात श्रीमंत शिकाऱ्यांसाठी मोठ्या सुळ्यांचे हत्ती विमानातून हेरायची कल्पना निघाली. लेखिका कॅरन ब्लिक्सनमुळे जगाला माहीत झालेला डेनिस फिंच हॅटन त्यातलाच. १४ मे १९३१ ला व्होई इथून उड्डाण केल्यावर लगेच त्याचं जिप्सी मॉथ विमान पडलं आणि पेटलं. तो गेला आणि त्याच्याबरोबर त्याचा किकुयू नोकर कमाऊही. कमाऊचं नाव बहुतेक ठिकाणी सांगायचं राहून जातं.

मोजणीसाठी दिलेला सगळ्यांत प्रसिद्ध बळी मिखाएल ग्झिमेक. वडील बेर्नहार्ड फ्रँकफुर्टच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक. ब्रिटिश सरकार सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाच्या सीमा बदलायला निघालं होतं. पण जनावरांचे कळप वर्षभर कुठून कुठे फिरतात, हेच कुणाला नीट ठाऊक नव्हतं. बाप-लेक दोघे विमान चालवायला शिकले, झेब्र्यासारखे काळे-पांढरे पट्टे रंगवलेलं डॉर्निअर विमान घेऊन जर्मनीहून आफ्रिकेत उडत आले आणि मोजायला लागले. १० जानेवारी १९५९ ला मिखाएल एकटा विमानात असताना एक गिधाड उजव्या पंखावर आदळलं. पंख वाकला, विमान हाताबाहेर गेलं. वय २४. एन्गोरोन्गोरो विवराच्या काठावर त्याला पुरलं. पुढे १९८७ मध्ये वडिलांनाही तिथेच, शेजारी. त्यांच्या 'सेरेंगेटी मरता कामा नये' ह्या चित्रपटाला ऑस्कर मिळालं, ते मुलाच्या मृत्यूनंतर.

ह्या कहाणीचा एक भाग क्वचितच सांगितला जातो. ग्झिमेक बाप-लेकांच्या मोजणीत वाइल्डबीस्ट, म्हणजे ती दाढीवाली नू हरणं, एक लाखाच्या आसपास निघाली. थोड्याच वर्षांनी झालेल्या मोजणीत आकडा दुपटीहून जास्त आला. इतक्या थोड्या काळात एवढी पिल्लं होत नाहीत, म्हणजे पहिली मोजणी बरीच कमी पडली होती. ह्याने मिखाएलचं काम कमी ठरत नाही. कळप उद्यानाची आखलेली सीमा जुमानत नाहीत हे त्या उड्डाणांतूनच पुढे आलं. पण ज्या अचूकपणासाठी इतकं खाली उडायचं, तो अचूकपणा माणसाच्या डोळ्यात किती असतो हा प्रश्न तेव्हापासूनच उभा आहे. त्याकडे शेवटी येतो.

ज्ञानाचं सर्वांत मोठं नुकसान एका झटक्यात कुठे झालं असेल तर ते एक्वादोरमध्ये, ३ ऑगस्ट १९९३ ला. टेड पार्कर चाळीस वर्षांचे होते. चार हजारांच्या आसपास जातींच्या पक्ष्यांना ते आवाजावरून ओळखत, असं त्यांचे सहकारी सांगत. हे अतिशयोक्त वाटेल, पण पहाटेच्या जंगलात उभं राहून एकामागून एक जाती कानाने टिपणारा हा माणूस त्या सहकाऱ्यांनी पाहिलेला होता. ॲल्विन जेंट्री मिझुरी वनस्पती उद्यानाचे. फुलं नसतानासुद्धा, नुसत्या पानाफांदीवरून झाड ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ह्या दोघांचा उपयोग एका नव्या पद्धतीसाठी होत होता. कुठलंही जंगल वाचवावं की नाही हे ठरवायला दहा वर्षांचा अभ्यास करायला वेळ नाही, तेव्हा असे दोनचार जाणकार काही आठवडे तिथे सोडायचे आणि त्यांचं मत घ्यायचं. १९९० मध्ये ते बोलिव्हियाच्या आल्तो मादिदीत गेले, आणि १९९५ मध्ये तिथे मादिदी राष्ट्रीय उद्यान झालं. ते पाहायला दोघेही नव्हते. ग्वायाकिलजवळच्या किनारी डोंगररांगेत ढगांनी वेढलेलं जंगल कुठे कुठे शिल्लक आहे हे वरून बघताना त्यांचं लहान विमान डोंगरावर आदळलं. एक्वादोरचे परिसरतज्ज्ञ एदुआर्दो आस्पियासू आणि वैमानिकही गेले. जे जंगल बघायला गेले होते ते ढगातलं जंगल, आणि ढगात शिरलेल्या विमानातून डोंगर दिसत नाही. ह्यापलीकडे त्या अपघाताचं वेगळं कारण शोधायची मला गरज वाटत नाही.

पुढच्या घटना भराभर सांगतो, कारण त्या एकमेकींसारख्याच आहेत. २६ जानेवारी २००३ ला फ्लोरिडाच्या उत्तर किनाऱ्याजवळ राइट व्हेल ह्या दुर्मिळ देवमाशांची पाहणी करणारं दुहेरी इंजिनाचं सेसना समुद्रात पडलं, चौघे गेले. ही मंडळी देवमासे हेरून जहाजांना सावध करायची, म्हणजे टक्कर टळेल. २०२० च्या ऑगस्टात पश्चिम टेक्सासमध्ये रानमेंढ्यांच्या पाहणीचं हेलिकॉप्टर पडलं, तिघे गेले. २०२३ च्या जुलैत अलास्काच्या उत्तर टोकाला राज्याच्या भूवैज्ञानिक विभागाचे तीन जण आणि वैमानिक, चौघेही.

आयडाहोची गोष्ट मात्र भराभर सांगण्यासारखी नाही. ३१ ऑगस्ट २०१०. दोन मत्स्य-अभ्यासक सेल्वे नदीवर चिनूक सामनच्या विणीचे खळगे मोजायला निघाले होते. मादी शेपटीने खडी उकरून खळगा करते, ताज्या उकरलेल्या खडीचा रंग फिका असतो, म्हणून वरून तो उजळ डागासारखा दिसतो. हेलिकॉप्टर लहान, जुन्या हिलर जातीचं. कामाया गावावरून जाताना त्याने दिशा बदलली आणि ते वस्तीत कोसळलं, तिघेही ठार. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने शेपटीकडच्या पंख्याचे तुकडे तपासले, तेव्हा त्यावर धातूच्या खुणा मिळाल्या. त्या निघाल्या क्लिपबोर्डच्या. उडताना दार उघडलं गेलं, नोंदींचा क्लिपबोर्ड बाहेर गेला आणि मागच्या पंख्यावर आदळला. कागद धरायची ती धातूची पाटी, जी दर पाहणीदाराच्या मांडीवर असते, शाळेतल्या परीक्षेत आपण घेऊन बसायचो तसली. हेलिकॉप्टरमध्ये सैल वस्तू ठेवू नये हा नियम सगळ्यांना पाठ असतो. पण मोजणीच्या कामात क्लिपबोर्ड सैल वस्तू आहे असं कुणाला वाटेल? ते तर कामाचं हत्यार.

ऑस्ट्रेलियातल्या माउंट आयझाजवळचा अपघात दुसऱ्या टोकाचा. २६ मे २०१९, सेसना २१० जातीचं, चार दशकांहून जुनं विमान, दोनशे फुटांवरून भूभौतिक पाहणी करत होतं. उडता उडता पंख तुटून वेगळा झाला. आतले दोघे गेले. दोन्ही पंखांना जोडणारा जो आडवा भाग विमानाच्या छतातून जातो, त्याच्या खालच्या पृष्ठावर गंजाचा एक लहानसा खड्डा होता. त्या खड्ड्यातून चीर निघाली आणि उड्डाणागणिक लांबत गेली. एरवी हेच विमान दहा हजार फुटांवर शांत हवेत फिरलं असतं तर कदाचित आणखी कित्येक वर्षं काही झालं नसतं. पण दोनशे फुटांवर तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा विमानाला दिवसभर धक्के देते आणि प्रत्येक धक्का त्या चिरेला थोडं पुढे ढकलतो. एसटीची गाडी डांबरी रस्त्यावर चालवणं आणि तीच खदानीत चालवणं ह्यातला हा फरक. त्या अपघातानंतर ह्या जातीच्या विमानांतल्या त्या जोडभागाची तपासणी सक्तीची झाली.

बहुतेक अहवालांत शेवटी एक वाक्य असतं : वैमानिकाने पुरेसा वेग राखला नाही, किंवा अंतर राखलं नाही. ते खरंही असतं. पण अपघाताची चौकशी उड्डाणापासून सुरू होते, आणि उंचीचा निर्णय त्याच्या महिनाभर आधी झालेला असतो. तो संख्याशास्त्रज्ञाने घेतलेला असतो, किंवा खाणकंपनीच्या कंत्राटात असतो, किंवा 'मागच्या वर्षीच्या आकड्याशी तुलना करता आली पाहिजे' म्हणून तसाच पुढे चालत आलेला असतो. वैमानिकाच्या हाती उरतं ते पाळणं. वर गेलो तर आकडे फुकट, ती रेषा पुन्हा उडायची, इंधन वाया. खनिज-पाहणीवाल्यांना हे आधी उमगलं. १९९५ मध्ये त्यांनी हवाई भूभौतिक पाहणीच्या सुरक्षेसाठी आंतरराष्ट्रीय संघटना स्थापली आणि दर कामाआधी त्या त्या भूभागाचा धोका तपासून मगच उंची ठरवायची, असा दंडक घातला. वन्यजीवांच्या बाजूला मात्र, जिथे माणसं पैशापेक्षा श्रद्धेने काम करतात, तिथे असं कंत्राटी भान उशिरा आलं. श्रद्धा असली की माणूस स्वतःच म्हणतो, एकदा खाली जाऊन बघूया.

आपल्याकडे हा प्रश्न थोडा वेगळा आहे. वाघ आपण कॅमेरा-सापळ्यांनी मोजतो, हत्ती पायी फिरून, विष्ठेवरून. दाट रानात वरून दिसणार तरी काय? पण जमिनीखालचं शोधायला आपलीही विमानं खाली येतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१७ पासून देशाच्या मोठ्या भागाची चुंबकीय पाहणी हाती घेतली, ती ८० मीटर उंचीवरून, ३००-३०० मीटर अंतराच्या रेषांवर. नागपूर जिल्ह्यातल्या चंद्रभागेच्या पाणलोटात, धापेवाड्याच्या विठोबाची चंद्रभागा ती, २०१३-१४ च्या सुमारास भूजल शोधण्यासाठी हेलिकॉप्टर फिरवलं. त्याच्या पोटाखाली दोरांनी टांगलेली भलीमोठी चौकट, जमिनीपासून तीसचाळीस मीटरवर तरंगणारी, तिच्यातून जमिनीत विजेचे स्पंद सोडायचे आणि खालून काय परत येतं ते टिपायचं. संत्र्याच्या बागा, विजेच्या तारा, मोबाइलचे मनोरे ह्यांच्यावरून अशी चौकट ओढत नेणं म्हणजे काय, हे ज्याने उन्हाळ्यातल्या विदर्भाची हवा अंगावर घेतली आहे त्याला वेगळं सांगायला नको. हे काम निर्धोक पार पडलं आणि म्हणूनच त्याची बातमी झाली नाही.

मग माणूसच काढून टाकला तर? पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावठाणाची मोजणी ड्रोनने झाली आणि पुढे तीच पद्धत स्वामित्व योजनेतून देशभर गेली. आयडाहोत क्लिपबोर्डच्या अपघातानंतर स्नेक नदीवर सामनचे खळगे ड्रोनने मोजून पाहिले, आणि ते जमलं. एका गावठाणाला, नदीच्या एका पट्ट्याला ड्रोन पुरतो. सेरेंगेटीला किंवा केनियातल्या त्सावोच्या रानाला पुरत नाही, कारण लहान ड्रोनची बॅटरी अर्ध्यापाऊण तासात संपते आणि डोळ्यांआड उडवायला बहुतेक देशांत वेगळी परवानगी लागते.

त्सावोत मधला मार्ग करून पाहिला. विमान तेच, उंचीही जवळपास तीच, पण निरीक्षकांबरोबर तिरपे रोखलेले कॅमेरेही लावले आणि नंतर दोन्ही आकडे शेजारी ठेवले. मागच्या खुर्चीवरच्या सरावलेल्या निरीक्षकांकडून साधारण सातात एक हत्ती सुटला होता. जिराफ, एवढा उंच प्राणी, निम्म्याहून अधिक सुटले होते. ग्झिमेकच्या एक लाख वाइल्डबीस्टचं काय झालं असेल त्याचा इथे थोडा उलगडा होतो. माणसाचा डोळा खिडकीतून तीन तास बघून थकतो, कॅमेरा थकत नाही. कॅमेऱ्याला दांड्या, चिकटपट्टीच्या खुणा, क्लिपबोर्ड काही लागत नाही, आणि चांगली भिंगं लावली तर तो तीनशे फुटांऐवजी सहाशे फुटांवरूनही बघू शकतो. मात्र तसं केलं तर चाळीस-पन्नास वर्षांच्या जुन्या आकड्यांशी नवा आकडा सरळ जुळत नाही, मधे दुरुस्तीचं गणित घालावं लागतं आणि ते कुणाला आवडत नाही. म्हणून काही ठिकाणी मागच्या दोन खुर्च्यांवर आता कॅमेरे बसले आहेत, उंची तीनशे फूटच आहे, आणि पुढे वैमानिक.